पान एकोणीसवरचा बाक

आदरणीय अध्यक्ष पाद्री अनंतराव, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती रमाकांत गुरुजी आणि राखोलीच्या कारखान्यांतून पाळी बदलून आलेल्या माझ्या खानदेशी बंधू-भगिनींनो,

रोज कारखान्यात चाळीस माणसांवर ओरडणारा हा सुकदेव आज घाबरलेला आहे. सांभाळून घ्या.

गुरुजी सिल्वासाच्या शाळेतून निवृत्त झाले. पण त्यांची खरी नोकरी सुट्टीतली. सलग सात वर्षं, ऐन मे महिन्यात, ते आपल्या धामणखेड्याच्या जुन्या अँग्लिकन चर्चमध्ये जाऊन बसले. वाळवी लागलेल्या बाप्तिस्म्याच्या वह्या त्यांनी उतरवून काढल्या, आणि त्यातून चर्चच्या इतिहासाचं हे आज प्रकाशित होणारं पुस्तक लिहिलं. रेल्वेच्या गोऱ्या साहेबांनी ते चर्च बांधलं, बाकांवर आपल्या घराण्यांच्या पितळी पाट्या ठोकल्या, आपली माणसं मागे चटईवर बसायची. सगळं कागद पाहून लिहिलं. एक वाक्य मात्र कागदाविना आलं. ते माझं.

पान एकोणीस. ‘घंटा वाजवणारे भिका हे साहेबांच्या पहिल्या बाकावर बसणारे पहिले देशी ख्रिस्ती.’ भिका म्हणजे माझे आजोबा. माझ्याकडे पुरावा नाही म्हटल्यावर गुरुजी म्हणाले, “सुकदेव, तुझा शब्द पुरे.”

इथेच घोडं पेंड खातं. घंटेचा दोर बाहेर होता. उपासना सुरू झाली की आजोबा तिथेच पायरीवर बसायचे. प्रभुभोजनाची भाकर सगळ्यांच्या शेवटी त्यांना बाहेर आणून दिली जायची. चाळीस वर्षं. मला त्याची लाज वाटायची, म्हणून शाळेत मी बाकाची गोष्ट सांगू लागलो, आणि सांगता सांगता मलाच ती खरी वाटू लागली. काल आमच्या आत्याला, बायडाबाईला, हे पान वाचून दाखवलं. ती समोरच बसली आहे. एवढंच म्हणाली, “माझ्या बापाला तू बाकावर बसवलंस. मग पायरीवर कोण बसलं होतं रे?”

गुरुजी, तुम्ही चष्मा काढलात, त्याने मला आणखीच धाकधूक होते आहे. या एका ओळीमुळे उद्या कुणी तुमच्या बाकीच्या पानांवर संशय घेतला तर? सात वर्षांच्या कष्टात मी माती कालवली, याचं मला फार वाईट वाटतं.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. ती ओळ मात्र पोटात घालू नका. अध्यक्षमहाराज, पुस्तकांची फीत सोडणं जरा थांबवा आणि मला पेन द्या. पाचशेच्या पाचशे प्रतींत मी माझ्या हाताने लिहितो: भिका, घंटा वाजवणारे. चाळीस वर्षं पायरीवर.