इंजिन चालू होतं

...आणि वर मलाच विचारतात, "अहो, तुम्ही हो का म्हणालात?" अरे, मी कशाला हो म्हणू? मला काय वेड लागलंय? तुम्हाला सांगतो, मी हो म्हणालोच नाही, मी नुसती मान हलवली! आणि मान हलवली, कारण इंजिन चालू होतं!

तुम्ही म्हणाल कसलं इंजिन? आगगाडीचं नव्हे हो. माझ्या सुतारकामाच्या कारखान्यातलं, पेट्रोलवरचं. सगळं जग भिंतीवरचं बटण दाबतं आणि करवत फिरते. माझ्याकडे बटण नाही, माझ्याकडे दोरी आहे. चाकाला दोरी गुंडाळायची, पाय रोवायचा आणि ओढायची. पहिल्या ओढीला ते शिंकतं, दुसरीला खोकतं, तिसरीला निपचित पडतं, मग प्लग काढा, पुसा, फुंकर मारा, चार शिव्या द्या, पुन्हा ओढा... आणि खांदा निखळायच्या बेतात आला, की मग असं सुरू होतं, असं सुरू होतं, की वरचे पत्रे थरथरतात आणि डब्यातले खिळे नाचायला लागतात! आता एवढ्या मिनतवारीनं उठलेलं बंद करायची छाती कोणाची? बंद केलं की पुन्हा दोरी! म्हणून सकाळी सुरू केलेलं दिवेलागणीपर्यंत चालू. चहा पितोय, इंजिन चालू. जेवतोय, चालू. माझ्या जन्माची जी काही माती झाली ना, ती इंजिन चालू असतानाच झाली.

आणि एक नाही, दोन आहेत. मोठं करवतीला, लहान रंध्याच्या मशीनला. मी म्हणतो थोरलं आणि धाकटं. त्यावरून सुनेचा टोमणा, "इंजिनांना नावं आहेत, माणसांना नुसतं अरे आणि अगं!"

वीज का नाही घेतली, असं विचारणार ना? सगळे विचारतात. वीस वर्षांपूर्वी वायरमन आला होता, तोंडात सुपारी, बगलेत वही. "मिस्त्री, तुमच्या मशिनींना मोठी लाइन लागेल. अर्ज करा, मग बघू." म्हटलं, मग म्हणजे कधी? तर म्हणतो, "मग म्हणजे मग." माझी सटकली. म्हटलं, घाल तुझी वीज चुलीत! मेलो तरी तुझी तार या दारात येऊ देणार नाही! सगळ्या गल्लीनं ऐकलं. तो गेला सुपारी चघळत, पण माझा शब्द बसला की दारात पाय पसरून! आता शब्द ओलांडून तार आत घेऊ? मी?

मुलगा दरवर्षी टुमणं लावतो, "बाबा, या आवाजानं तुमचे कान चाललेत, वीज घेऊ या." मी म्हणायचो, माझे कान ठणठणीत आहेत, तूच पुटपुटतोस. आणि एकदा रागाच्या भरात बोलून गेलो, "ज्या दिवशी मला ऐकू येईनासं होईल, त्या दिवशी मी स्वतःच्या पायानं जाऊन अर्ज करीन!" जिभेला काय, उचलली आणि लावली टाळ्याला.

मोठ्यानं बोलतोय का मी? असू दे. आमच्या घरात सगळे असेच बोलतात. नात बोलायला लागली तीच ओरडून. साधं "दूध" म्हणाली तर शेजारचा शिंपी दचकून बाहेर आला. तर सुनेचं म्हणणं, या घरात पोरीला हळू बोलता येतं हेच कळणार नाही, आपण दुसरीकडे बिऱ्हाड करू. आता हे मला कधी कळलं? सगळं होऊन गेल्यावर! कारण आधी सांगितलं तेव्हा... हो, चालूच होतं.

झालं असं, की मंगळवारी मी करवतीवर, मुलगा रंध्यावर. कारखान्यात आम्ही तोंडानं बोलतच नाही, हातानं बोलतो. मूठ दाखवली की थांब. एक बोट वर केलं की पट्टा आवळ. आणि दोन तळवे जोडून मग लांब केले, की रंधलेल्या फळ्या वेगळ्या रच. वीस वर्षं याच्यावर धंदा चाललाय. तर हा रंधा सोडून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पापण्यांवर भुसा. ओठ हलतायत, हलतायत, एवढा तर तो सबंध महिन्यात बोलत नाही. मला काही पत्ता नाही. पण कानाला हात लावून "काय?" म्हणणारा मी नव्हे! मग त्यानं दोन तळवे जोडले... आणि लांब केले. म्हटलं, हात्तिच्या, फळ्या वेगळ्या रचू का म्हणतोय! मी मान हलवली. एकदा नाही, तीनदा. आणि वर हात गरागरा फिरवून खूण केली, आटप, लवकर आटप!

तो बघतच राहिला माझ्याकडे. म्हटलं, फळ्यांसाठी एवढं काय बघायचं?

संध्याकाळी घरात जातो तर ट्रंक उघडी, पांघरुणांच्या घड्या, भिंतीवरचा आरसासुद्धा खाली. म्हटलं, कोण चाललंय? तर आमची ही कडाडली, हिचं मला ऐकू येतं, हिचा आवाज थोरल्या इंजिनाच्या वरचा आहे, "कोण चाललंय काय विचारता? एकुलता एक पोरगा चाललाय! वेगळं होऊ का म्हणून विचारायला आला, तर तुम्ही हो म्हणालात!"

"तो फळ्यांचं विचारत होता!"

"फळ्या? अहो, रडत होता तो माघारी येऊन! म्हणाला, आई, मला वाटलं बाबा चिडतील, शिवी देतील, रंधा फेकून मारतील, तेवढ्यावर मी थांबलो असतो. ते तर म्हणाले, लवकर आटप!"

आता मला सांगा, इंजिन चालू असताना असलं विचारायचं असतं? मी हिला तेच म्हटलं. तर म्हणते, "बंद असताना तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत आहे का कुणाची? जा, आणि सांगा त्याला, मला ऐकू आलं नाही."

ऐकू आलं नाही! मोजा, तीनच शब्द आहेत. पण ते बोललो की वीस वर्षांचं भांडण तो जिंकला, वायरमन जिंकला, अर्ज आला, तार आली, सगळ्या गल्लीसमोर माझं नाक कापलं. आणि नाही बोललो, तर पोरगा गेला. चार दिवस मी ते तीन शब्द घोकले हो. करवतीपाशी उभा राहून मोठमोठ्यानं म्हणत होतो. कुणी ऐकलं नाही, दोन्ही इंजिनं चालू होती.

शनिवारी फाटकात टेम्पो लागला. ही आत तोंडाला पदर लावून बसली, बाहेर यायलाच तयार नाही. सून पोरीला घेऊन पुढं जाऊन बसली. मग मी काय केलं असेल? मी इंजिनं बंद केली. भर दुपारी! थोरलंही, धाकटंही. म्हटलं, आज कसली अडचण नको, आज बोलायचं. तर गल्लीत अशी शांतता पसरली की शिंपी धावत बाहेर आला आणि ओरडला, "मिस्त्री, कोणी गेलं का?"

म्हटलं, जातंय.

मुलगा आला. पाया पडला. माझे तीन शब्द अगदी दातांपर्यंत आले होते, आईशप्पथ... तेवढ्यात तोच काहीतरी बोलला. दोनच शब्द. पहिल्याच्या शेवटाला ओठांचा चंबू झाला, दुसऱ्याला तोंड उघडलं आणि भुवया वर गेल्या, म्हणजे प्रश्न होता हो! "राहू का" विचारलं असेल. "जाऊ का" विचारलं असेल. दोन्हीला ओठ सारखेच होतात, तुम्ही आरशात बघा करून! माझ्या कानात नुसती शिट्टी. आता इथं काय करायचं माणसानं? पोराचे डोळे भरलेले, "काय म्हणालास?" एवढं विचारायचं होतं. एवढंच!

मी मान हलवली.

त्यानं ट्रंक उचलली आणि टेम्पोत चढला.

आता हिला काय सांगू? शिंप्याला काय सांगू? दर वेळेला सांगायला एक कारण तरी असायचं. या वेळेला तेही नाही हो... इंजिन बंद होतं.