"धरलंय" म्हणायचं कुणी?

...आणि वर मलाच विचारतात, "तोंडात मिठाची गुळणी धरलीयेस का?"

तुम्हाला सांगते, गुळणीबिळणी काही नव्हती, व्रत होतं माझं. सोळा शुक्रवार, आंघोळ झाल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन, आणि मागणं एकच, हे त्या मोटरसायकलवरून रोज सुखरूप घरी येवोत. ती मोटरसायकल माझ्याही आधी या घरात आलेली, म्हणजे नात्यानं माझी मोठी जाऊच! मागच्या वर्षी मोठ्या उतारावर तिचा ब्रेक लागला नाही, हे थेट रोपवाटिकेच्या कुंपणात गेले, कोपराला सात टाके पडले, आणि घरी आले ते एक कुंडी विकत घेऊन... लाजेखातर. आता शुक्रवारच का? तर त्या दिवशी यांची दुपारची पाळी, सकाळभर घरात, आणि हे घरात असले की मी सगळ्यात जास्त बोलते. देवासाठी सोडायचं तर जड जाईल तेच सोडावं ना?

पंधरा शुक्रवार पार पडले. सोळाव्याला, शेवटच्याच दिवशी, यांनी अंगणात पान्यांची पेटी उघडली.

"पुढचा ब्रेक स्पंजासारखा लागतोय. आत हवा गेलीये. ये जरा, दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटं... काम असं, की हे खाली चाकाशी पालथे, हातात पाना, आणि मी वर हँडलशी. मी लिव्हर चारदा दाबायचा, पाचव्यांदा दाबून धरायचा आणि म्हणायचं, "धरलंय." मग हे खालचा स्क्रू सैल करणार, नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत येणार, हे स्क्रू आवळणार, आणि मगच मी लिव्हर सोडायचा. आधी सोडला तर गेलेली हवा परत आत. एवढं सोपं. फक्त "धरलंय" म्हणायचं कुणी?

"धरलंस?" मी मान हलवली. यांचं डोकं चाकामागे, मान दिसणार कुणाला? "अगं, धरलंस का?" मी आणखी जोरात मान हलवली... तेव्हा ती गुळणी निघाली. मग यांचं यांनाच आठवलं. "हां, शुक्रवार." चिडले नाहीत, तेवढं खरं. "बरं, पाय आपट. एकदा म्हणजे धरलंय, दोनदा म्हणजे सोडलंय."

छान चाललं होतं हो, चार खेपा झाल्या, बुडबुडे कमी होत आलेले, आणि माझ्या पोटरीला डास चावला. आपटला पाय. एकदाच! यांनी बिचाऱ्यांनी स्क्रू उघडला आणि मी आपली वर दाबतेय, सोडतेय, दाबतेय, सोडतेय... होती नव्हती ती हवा आत. "काय झालं गं?" आता "धरलंय" म्हणता येत नाही तिथे "डास" कसं म्हणणार?

तेवढ्यात पायरीवर शेंगा निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मी सांगते की. तिचं तोंड मी." बरं वाटलं मला. पहिलीच खेप, "धरलंय हो धरलंय, अगदी घट्ट धरलंय, घामाघूम झालीये पोर, तू हे मेकॅनिककडे का नाही रे नेत, तुझे वडील बघ कसे..."

"आई, धरलंय का सोडलंय?"

"मघाशी धरलं होतं. आता... थांब, चष्मा आणते."

चष्मा येईपर्यंत माझी बोटं सुटली. बाटलीत नुसता फेस.

अकरा चाळीस झाले. हे हात पुसत म्हणाले, "राहू दे. पाळीला उशीर होईल. मागच्या ब्रेकवर जाईन हळूहळू."

मागच्या ब्रेकवर. त्या उतारावरून. मी घड्याळाकडे बघितलं, मनात म्हटलं, देवा, वीसच मिनिटं, काटा जरा पुढे ढकल. नाही ढकलला. हे नळी काढायला परत खाली वाकले... आणि तुम्हीच सांगा, मौन कुणासाठी धरलं होतं मी? यांच्यासाठीच ना? मग गप्प राहून यांना उतारावर पाठवायचं आणि देवाला सांगायचं, बघ, माझा नेम चुकला नाही? मी लिव्हर चारदा दाबला. पाचव्यांदा दाबून धरला.

"धरलंय," म्हटलं.

हे दचकून उठले ते हँडलला डोकं आपटूनच. सासूबाईंच्या हातातली शेंग खाली पडली. हे परत पालथे झाले, आणि मग "धरलंय", "उघडलं", "आवळलं", "सोडलं"... नऊ खेपा. शेवटी लिव्हर दगडासारखा कडक झाला.

बाराला पाच कमी असताना गेले, आणि पाळी संपवून आले. अख्खे.

"उतारावर कसा लागला?" मी विचारलं.

"तू 'धरलंय' म्हणालीस ना, तसा. जागच्या जागी." मग जरा घुटमळले. "तुझं व्रत मोडलं ना गं?"

"मोडलं. आता पुन्हा पहिल्यापासून."

"येत्या शुक्रवारीच?"

"हो."

डोक्याचं टेंगूळ चोळत म्हणतात कसे, "नाही म्हणजे... येत्या शुक्रवारी मागच्या ब्रेकची हवा काढायची होती."

पण मी आशा सोडलेली नाही. मागचा ब्रेक म्हणे पायानं दाबायचा असतो. म्हणजे हात तरी मोकळे राहतील... जोडायला.