वांगी रंगाची शेवंती

पंडरीच्या कापड बाजारात माझं साड्यांचं दुकान आहे हे तुम्हाला ठाऊकच, पण गच्चीवरचा उद्योग ठाऊक नसेल. एका शेवंतीचा पराग ब्रशने दुसरीला लावायचा, बी धरायचं, पेरायचं आणि वाट बघत बसायचं. कित्येक हिवाळे असे गेले. यंदा एका रोपाला एकच फूल आलं, पण अस्सल वांगी रंगाचं! पहिला नंबर आपलाच, म्हणून कुंडी थेट पुष्पप्रदर्शनात नेली.

परीक्षक साहेबांनी चष्मा वर केला. "शेठ, पांढऱ्या शेवंतीले रंग पाजून विकून राहिले लोक. त्यात तुमचा धंदा कापडाचा. हा रंग खरा आहे का?"

मला झोंबलं. तोंडातून दुकानातलं रोजचं वाक्य निघून गेलं, "धुऊन पाहा साहेब! रंग गेला तर माल परत."

साहेबांनी खरोखर बादली मागवली. बायको कानाशी पुटपुटली, "अहो, काहून बोलले असं?" पण मी छाती फुगवून उभा. साहेबांनी फूल देठासकट खुडून पाण्यात बुडवलं, खळबळलं, वरून चोळलंही. सगळे वाकून पाहत होते. पाणी अगदी स्वच्छ राहिलं.

"रंग पक्का आहे!" साहेब ओरडले. मी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी हात वर काढला, तर हातात नुसता देठ. पाकळ्या सगळ्या बादलीत तरंगत होत्या.

आमच्या दुकानाच्या एक जुन्या गिऱ्हाईकबाई मागे उभ्या होत्या. त्या हळहळून म्हणाल्या, "भैया, हे ड्रायक्लीनचं होतं ना?"