पाहुण्यांकडे पाठ

हॅलो… कोण, पारस?… हो, तुझी आईच बोलतेय. झटका डाव्या अंगाला आलाय, उजव्या हातानं धरता येतो की फोन… जेवले. मुगाचं कढण, दूध… अरे, मुद्द्याचं बोल.

हां! म्हणजे मगाशी बाहेर जाऊन तुझ्या आत्यानं तुलाच फोन लावला व्हता… काय म्हणाली? वहिनीनं तोंड फिरवलं?… फिरवलंच! भिंतीकडं. आरफा सिस्टरनं वळवलं, मी वळले… उद्धट? नाय रे. नर्स हाय ती, तिचं कामच ते.

ऐक तरी… अरे, ऐक ना! झटका आल्यापासून सगळं गाव लोटलं भेटायला. आळ्याचे, पिंपरी पेंढारचे… जो येईल तो दाराकडं खुर्ची टाकून बसणार. पाहुण्यांना पाठ कशी दाखवायची? म्हणून मी दिवसभर आपली डाव्या कुशीवर. ते अंग बधिर, मला कळतंय कशाला? आधी कातडं लाल झालं, मग सोललं… हो, खुब्यावरच. आत्यानं वरून तेल चोळलं. मायेनंच चोळलं, पण आणखीच बिघडलं ना!… सिस्टर आली, बघितलं, म्हणाली, चोळायचं नाय आणि जखम भरेस्तोवर ह्या कुशीवर झोपायचं नाय.

…दुसरी नर्स? कशाला? पाहुण्यांची मर्जी राखणारी?… नाय. पारस, नाय म्हणते ना मी! जखम आता कुठं भरायला लागलीय. दर दोन तासांनी ती मला हलवते. उशा लावते, टाचा बघते, माकडहाड बघते. तिला काढलंस तर परत चिघळंल, पार हाडापर्यंत जाईल. मग ड्रेसिंगला तू येणार पुण्याहून?

काय?… खाट उलटी फिरवू? डोकं उत्तरेला येईल माझं. ते मी मेल्यावर करा!

हसू नको. लई राग आलाय मला… जन्मभर सगळ्यांचा मान राखला रे. कातडं सोलवटेपर्यंत राखला. आता बास.

हो, हो… घर माझं, खाट माझी. आरफा जाणार नाय… हळू कशाला बोलू? आत्या हितंच बसलीय, माझ्या पाठीमागं… ऐकू दे की… रागावली का, ते मला कसं दिसणार? तूच विचार. थांब, देते तिला… वन्सं, पारस हाय, बोला… उशाशी येऊन घ्या फोन. मी काय वळणार नाय.