वरडायचं न्हाई असा राखनदार

...आन् वर म्हनत्यात, शिट्टी वाजवा! आता तुमीच सांगा, मेंढरामागं जल्म गेलेल्या मानसाच्या हातात शिट्टी देत्यात का कुनी? म्हंजी इस्तवावर राकेल वतायचं आन् म्हनायचं, इझतोय का बघा! ...बसा की वो, उभ्या कशापायी? एश्टी काय लगीच येत न्हाई. ह्या कवठ्याच्या फाट्यावर एश्टीची वाट बघून आजपतुर कुनी शानं झालं न्हाई. ही भाकरी व्हय? ही आमच्या मालकाची. वर डोंगरावर हायेत त्ये. हाक आली की जाते. तवर ऐका.

मी कुशाबाई. आमचं ह्ये... मी न्हाई नाव घेत, पन गाव त्यास्नी भिमा म्हनतं. आमी धनगर. दिवाळी झाली की मेंढरं, घोडं, कोंबड्या, पोरंसोरं, समदं बिऱ्हाड घिऊन कोकनात उतरायचं आन् पावसाच्या तोंडाला घाट चढून माघारी यायचं. सासऱ्यानं त्येच केलं, सासऱ्याच्या बापानं त्येच केलं. आमच्या सोनमचं शाळंत नाव घातल्यालं, पन शाळा हिकडं आन् पोरगी तिकडं! मास्तर म्हनायचे, "कुशाबाई, मुलगी हुशार आहे हो तुमची. पण वर्गात दिसली तर ना!" ह्यांच्या मनाला लागलं त्ये. म्हनले, कुशे, कायबी करू, पन आता एका जागंला ऱ्हायचं, पोरीची शाळा मोडायची न्हाई. आन् नेमकी त्याच वक्ताला गावात संस्था आली.

संस्था म्हंजी कोन? तर सुलक्षणा मॅडम. पुन्याच्या. सुती साडी, खांद्याला झोळी, पायात बूट. साडीवर बूट, बाई! पन मानूस गोड हां, खोटं कशाला बोलू? देवळात मीटिंग घेतली आन् म्हनल्या, "ग्रामस्थहो, आपला डोंगर उघडाबोडका झाला आहे. आपण चर खणू, झाडं लावू, गवत वाढू देऊ, पाणी मुरेल. आणि यातूनच गावात रोजगाराच्या संधी निर्माण होतील!" संधी म्हटल्यावर समदी अशी म्होरं सरकली... बायकास्नी चर खनायचं काम, कुनाला रोपाच्या पिशव्या भरायचं, आन् एक जागा राखनदाराची. म्हैन्याच्या म्हैन्याला पगार, खाकी शर्ट, हातात काठी. डोंगरावर चराईबंदी, म्हंजी एकबी जित्राब वर चढू द्यायचं न्हाई. तवा सरपंच जयसिंगराव उठले, मिशीला हात लावला आन् म्हनले, "भिमाला ठिवा. डोंगराच्या समद्या चोरवाटा त्येला ठावं. चोराच्या हातीच जामदारखान्याच्या किल्ल्या दिलेल्या बऱ्या!" समदं देऊळ हासलं. ह्ये बी हासले. मी न्हाई हासले. आमी कवापासनं चोर झालो वो? पन म्हटलं, गिळ बाई. नोकरी म्हटल्यावर आलंच!

तर ह्ये वर डोंगरावर, आन् मेंढरं माझ्या गळ्यात. मी आपली खाली पडकात, वढ्याच्या कडंनं चारायची. आता मेंढरू कसं असतंय, तुमाला सांगते. मेंढरू मानसाचं तोंड बघत न्हाई, आवाज वळखतं. आमची म्होरकी व्हती काजळी, काळ्या तोंडाची. तिची आय घाटात तिला जल्म दिऊन जागच्या जागी मेली, आन् ह्यांनी त्ये पिल्लू घोंगड्यात गुंडाळून शेळीच्या दुधावर जगवलं. माझ्या पोरीला एवढं मांडीवर घेतलं नसंल त्या बाबानं! काजळी जाईल तिकडं कळप. आन् ह्यांनी नुसतं "हुर्र्योऽऽ" केलं, की काजळीनं तोंडातला घास टाकून पळत सुटायचं.

आलं का ध्यानात? मला बी नव्हतं आलं.

पैल्याच दिशी कुनाची तरी गाय वर शिरली. ह्ये उठले, खाकी शर्ट खाली वढला, छाती फुगवली आन् दिली आरोळी... हुर्र्योऽऽ! गाय काय? गाय ढिम्म. तिनं मान सुदीक वळवली न्हाई. पन खाली वढ्यात काजळीचं कान झालं उभं! मी म्हटलं, काजळे, न्हाई गं बाई, तुला न्हाई, त्या गाईला हाय त्ये... कशाचं काय! उधळला की कळप! चरावरनं उड्या टाकीत, रोपं तुडवीत, सरळ डोंगरावर! मी मागनं, लुगडं सावरत, ठेचा खात. आन् वरनं ह्यांनी बघितलं, आपलीच मेंढरं! घाबरले, आन् हाकलायला आनखी जोरात वरडले. त्येंनी हाकलावं आन् मेंढरांनी पळत यावं! जेवढं जोरात हाकलत्यात तेवढी ती जोरात येत्यात! मी खालनं बोंबलतीय, "अवो, गप ऱ्हावा! तोंड मिटा आदी!" ...नवऱ्याला, बायांनो, समद्या चर खननाऱ्या बायकांदेखत तोंड मिटा म्हटलं मी! सासूबाई लई दिस बोलल्या न्हाईत माझ्याशी. नोकरी म्हटल्यावर आलंच, दुसरं काय?

मी म्हटलं, आवं, मग दुसरं कायतरी वरडा की. तर मानूस घरात चुलीम्होरं बसून शिकायला लागलं. "हाड हाड... ए गाय... ए म्हशे, चल भाईर..." घरात झ्याक जमायचं. सोनम तर हासून हासून लोळायची. पन डोंगरावर जित्राब दिसलं रे दिसलं, की नरड्यातनं त्येच... हुर्र्योऽऽ! बापाच्या नरड्यातनं ह्येंच्या नरड्यात आल्यालं, ते काय शिकून बदलतंय व्हय?

मॅडम आल्या. "भिमाजी, काही हरकत नाही. आपण आवाजाऐवजी शिट्टी वापरू या." लाल दोरीची शिट्टी गळ्यात घातली. अगं माझे आय, मेंढरं पान्यावर न्यायची तर धनगर शिट्टीच मारतोय की! वाजली शिट्टी आन् आलं समदं लटांबर, पानी कुठं हाय म्हनून डोळं लावून हुबं! मग जयसिंगराव म्हनले, "डबा बडव लेका, डबा." बडवला. पन आमी डब्यात दाना घालूनच खुळखुळवतो वो, आजारी मेंढराला बोलवायला! त्या दिशी तर लंगडी मेंढी सुदीक सगळ्यांच्या म्होरं पळाली!

शेवटी काय ठरलं? राखनदारानं वरडायचं न्हाई, शिट्टी न्हाई, डबा न्हाई. जित्राब दिसलं की गुमान त्येच्या मागं पळायचं आन् भाईर काढायचं. असा राखनदार बघितलाय का तुमी? गाव त्यास्नी मुका वाचमन म्हनायला लागलं. आन् खरं सांगू... मुकंच झालं की वो मानूस. घरी आलं तरी बोलंना. म्हनायचं, मेंढरांच्या कानातनं माझा आवाज जायला पायजे, मग नोकरी नीट हुईल. संध्याकाळी मेंढरांच्या वाडग्याकडं फिरकायचं न्हाई. एकदा काजळी आपनहून आली, ह्येंच्या गुडघ्याला डोकं घासायला लागली, तर ह्येंनी तोंड फिरवलं. मला दिसलं ते तोंड. मी भाकरी थापत व्हते, भाकरी करपली माझी.

आन् हिकडं जयसिंगरावांच्या म्हशी! रोज डोंगराच्या पाठीमागच्या अंगानं आत. कुनी इचारलं तर, "चुकून गेल्या असतील." रोज चुकायच्या, बरूबर चांगल्या गवतात चुकायच्या! आमची मेंढरं मातूर ह्याच जयसिंगरावास्नी त्येंच्या रानात खतासाठी बसवायला पायजेत. "कुशाबाई, आवंदा मेंढरं आमच्याच रानात बसवा बरं का, लेंडी लई ग्वाड असती तुमची!" रानात मेंढरू लक्षुमी, आन् डोंगरावर गेलं की दरवडेखोर!

मग आला तो दिवस. मुंबईचं थोरलं सायेब येनार, डोंगर बघायला. संस्थेला पैका देनारी मानसं ती. वर मांडव, सतरंजी, हार-तुरं, मॅडमची नुसती धावपळ. ह्येंच्या शर्टाला मी तांब्यात निखारं घालून इस्त्री केली. सायबानं खड्ड्यात रोप ठिवलं, माती सारली, टाळ्या वाजल्या... आन् त्या टाळ्यांत जयसिंगरावांच्या म्हशी चुकल्या! शिंगं खाली घालून सरळ मांडवाकडं! आता राखनदारानं काय करावं? मांडवात पाव्हनं, बाया, पोरं. नियम-बियम समदं इसरलं मानूस. पोटातनं आरोळी दिली... हुर्र्योऽऽऽ!

लई दिस कोंडलेली आरोळी व्हती ती. मला खाली वढ्यात काटा आला अंगावर. काजळी तर पाखरागत उडाली!

म्हशी बुजल्या आन् माघारी पळाल्या, त्या कुनालाच दिसल्या न्हाईत. दिसली ती आमची मेंढरं! मांडवात घुसली, सतरंजीवर लेंड्या, पाव्हन्यांच्या गळ्यातलं हार खाल्लं, सायबानं आत्ता लावल्यालं रोप काजळीनं दोन घासांत शेंड्यापासनं मुळापतुर... आन् मग ह्येंच्या गुडघ्याला डोकं घासत हुबी! ह्येंनी बी, काय झालं कुनाला ठावं, गपकन खाली बसून तिच्या मानंला मिठीच मारली. सायेब हासतंय, फोटू काढतंय, "वंडरफुल, वंडरफुल!" आन् जयसिंगरावांचं तोंड असं... लाल मिरची.

दुसऱ्या दिशी देवळात मीटिंग. म्हशींचा इषयच न्हाई. जयसिंगराव म्हनले, "भिमा, सरळ सांग. मेंढरं का नोकरी?" मॅडम खाली मान घालून म्हनल्या, "भिमाजी, मला वाईट वाटतं, पण नियम सगळ्यांना सारखा हवा." सारखा! ह्येंनी माझ्याकडं बघितलं. भाईर पारावर सोनम पुस्तक घिऊन बसल्याली दिसत व्हती. मी मान हालवली. येमाईला ठावं कशी हालवली.

यवतच्या बाजारातला व्यापारी टेम्पो घिऊन दारात आला. फळी लावली, पन मेंढरं काय चढंनात. व्यापाऱ्यानं वढलं, ढकललं, काठी घातली. काजळी चार पाय रोवून हुबी. मग त्यो म्हनला, "मालक, तुमीच बोलवा की." ह्ये गुमान टेम्पोत चढले. पार आत, डायवरच्या केबिनला पाठ लावून हुबं ऱ्हायले. आन् मोकळ्या गळ्यानं हाक मारली.

आली की वो. पळत आली. काजळी सगळ्यांच्या म्होरं. तिला वाटलं, आज कोन रागं भरत न्हाई.

...पदर गेला डोळ्यात, काय न्हाई. धूळ लई फाट्यावर.

तर मेंढरं गेली आन् नोकरी ऱ्हायली. आता वरडा की कितीबी! कोन येतंय? पन मानूस वरडंना. गवत कमरंएवढं झालं, मोर आलं, हिरीला पानी चढलं. डोंगर ग्वाडच दिसतो, न्हाई म्हनू नये. आन् नवं साल लागलं, दोन हजार एक, तशा मॅडम पळतच घरी आल्या. हातात संस्थेचं कॅलेंडर. वर फोटू कुनाचा? ह्येंचा आन् काजळीचा! मिठी मारल्याला!

"भिमाजी, साहेबांना हा फोटो इतका आवडला! आता पुढचा टप्पा आहे. गवत फार माजलंय, उन्हाळ्यात वणवा लागेल. म्हणून आळीपाळीनं मेंढरं चारायची, लेंडीखत डोंगराला मिळेल. चराईबंदी उठली, त्यामुळे राखणदाराची जागा बंद. पण मेंढपाळाची नवी नोकरी आहे! स्वतःची मेंढरं हवीत, एवढीच अट. आम्ही तुम्हालाच डोळ्यांसमोर ठेवून केलं हे! कुठं आहेत तुमची मेंढरं?"

ह्येंनी भित्तीकडं बोट केलं. म्हनले, "त्या कॅलेंडरात."

मॅडम बिचाऱ्या खाटंवर बसल्या त्या बसल्याच. मीच पानी दिलं त्यास्नी. त्येंचा काय दोष? रडायचं मी, आन् पानी बी मीच द्यायचं.

मग मेंढपाळ कोन झालं, वळखा! जयसिंगराव! पैका हाय, लांबच्या बाजारातनं मेंढरं आनली, नाव लावलं. पन पाटलाला मेंढरं चारता येत्यात व्हय? आले आमच्या दारात. "भिमा, आपलंच घर हाय. ये कामाला, पगार दीन." ह्ये गेले. न जाऊन करत्यात काय? सोनमची दहावी हाय आवंदा, तेवढं एक सुखाचं. ज्या डोंगरावरनं सोताची मेंढरं हाकलली, त्याच डोंगरावर दुसऱ्याची चारायची. नोकरी म्हटल्यावर आलंच.

पन गंमत सांगते, ती मेंढरं परमुलखाची. ह्येंची हाक वळखतच न्हाईत! ह्ये वरनं वरडत्यात हुर्र्योऽऽ, आन् ती आपली पाठ करून चरत्यात. इतकी चांगली हाक, आन् डोंगरावर तिला ओ देनारं कुनी न्हाई...

...थांबा. ऐकलं का? ऐका, ऐका... त्येच!

बघा की, उठलेच मी. भाकरी बी हातात आली, पाय बी निघालं. त्येंच्या हाकंवर पळत सुटनारं जित्राब आता एवढं एकच ऱ्हायलंय, बायांनो, आन् त्ये मगाधरनं तुमच्याशी बोलतंय.

आले वोऽऽ!