तांब्याच्या खाणीचे शेअर मीच विकले

जबाब

मी, सौ. पुष्पाबाई सर्जेराव बनकर, वय ४७ वर्षे, धंदा पिठाची गिरणी (सध्या बंद), रा. पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन, जि. जालना. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

माझे पती सर्जेराव यांनी गेल्या दिवाळीत माझी गिरणी मला न विचारता विकली आणि त्या पैशात तांब्याच्या खाणीचे शेअर घेतले. शेअरचं खातं माझ्या नावावर आहे, कारण मालकांचं पॅनकार्ड आधारला जोडायचं अजून राह्यलंय. खाणीचा त्यांचा अभ्यास दांडगा आहे. त्यांनी एकदा टीव्हीवर खाण बघितली आहे.

शेअर ठेवायचे का विकायचे, हे ते देवीला कौल लावून ठरवतात. देव्हाऱ्यातल्या टाकाला दोन ओली फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर ठेवायचे, डावं पडलं तर विकायचे. डावं पडलं की मालक म्हणतात, "पाणी जास्त झालं," आणि उजवं पडेपर्यंत पुन्हा लावतात. देवीची बिलकुल सुटका न्हाई.

सोमवारी सकाळी भाव चढून गिरणीची किंमत भरून निघत होती. डावं फूल पडलं. मालक दुसरं फूल तोडायला परसात गेल्ते. मी मोबाईल घेतला आणि सगळे शेअर विकून टाकले. घरात कुणीतरी देवीचं पहिल्या खेपेला ऐकावं म्हणलं. खोटं कशाला सांगू, गिरणीसाठी जीव तुटत होता.

मंगळवारी भाव आणखी चढला. मालकांनी लगेच माझ्यावर फसवणुकीची तक्रार दिली. गुरुवारी भाव असा आपटला की विचारू नका. शुक्रवारी तेच मालक तक्रार मागं घ्यायला हजर. गावात मात्र सांगून राह्यले, "मी बराबर टायमावर काढले." माझे दीर कचरू भाऊजी त्यांचा सल्ला घ्यायला रोज येऊन बसतात.

आता मालकांना जस्ताची खाण घ्यायची आहे. माझ्याकडं पैसे मागून राह्यले. मी म्हणलं, गिरणी परत घेते. तर म्हणे, "तुला यातलं काय कळतं?" मंग मी उठले आणि गिरणीचा विसार देऊन आले.

म्हणून साहेब, ही तक्रार मागं घेऊ देऊ नका. शेअर पुष्पाबाईनं नवऱ्याला न विचारता विकले, हा गुन्हा मला पूर्ण कबूल आहे. त्याची सही-शिक्क्याची नक्कल द्या, गिरणीच्या भिंतीला लावायची आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. मालक बाहेर बाकड्यावर बसलेत, म्हणून मी तो मोठ्यानं वाचायला लावला. सांगितल्याप्रमाणे बराबर आहे.