आजीची पांढरी साडी

हिंगणघाटच्या स्टँडवर यशोदाबाई बसची वाट पाहत होत्या. शेजारच्या बाकावर मायलेकींचं चाललं होतं.

"रविवारी माहा बाप्तिस्मा हाय, आई. तू येशीन ना?"

"नाई."

"पाण्यात एक डुबकी, मंग चर्चच्या रजिस्टरात नाव. इतकंच."

"धर्म एकदा तुह्या आजीनं बदलला, छप्पन साली. तेवढा पुरे हाय आपल्याले."

"तवा तिले कोणी अडवलं नाई?"

"तिच्या आईनं अडवलं."

"मंग?"

"मंग काय, गेलीच ते."

यशोदाबाईंची बस आली नि गेली.

"पांढरी साडी लागते म्हणे पाण्यात उतराले?" आईनं विचारलं.

"हो. घेईन एखादी."

"काऊन घेतं? या थैलीत हाय. आजी हेच नेसून नागपूरले गेलती."

"आई..."

"पिळू नको फक्त. जुनं सूत हाय, फाटन."